पंचगंगेचे दिवे, मंगलागौरीची गल्ली

श्रावणातल्या मंगळवारी मराठी घरात मंगळागौर पुजली जाते. लग्नानंतरची पाच वर्षं, सोळा प्रकारची पत्री, रात्रीचं जागरण, फुगड्या आणि झिम्मा आपल्याला पाठ असतात. पण याच देवीचं एक जुनं ठाणं काशीत, गंगेच्या ऐन काठावर आहे, आणि त्या ठाण्याभोवतीच्या वस्तीने नदीचा एक मोठा उत्सव पुन्हा उभा केला, हे काशीला जाऊन आलेल्या पुष्कळांनाही माहीत नसतं. विश्वनाथ, अन्नपूर्णा, दशाश्वमेधाची आरती आणि सारनाथ एवढ्यात दोन दिवस संपून जातात. मंगलागौरी उत्तरेकडे राहून जाते.

वाट अवघड नाही. कालभैरवाचं दर्शन झालं की तिथून नदीच्या दिशेने उतरणाऱ्या गल्ल्या धरायच्या आणि वाटेत कुणालाही ‘पंचगंगा’ एवढंच विचारायचं. मी कार्तिकात गेले होते. काशीत प्रत्येक महिन्याचं स्नान विशिष्ट तीर्थावर करण्याची जुनी रीत आहे आणि कार्तिक पंचगंगेचा. त्यामुळे पहाटे उजाडायच्या कितीतरी आधी या गल्ल्यांतून बायकांची रांग नदीकडे निघालेली असते. हातात पितळी लोटा, परडीत झेंडू आणि तुळस, ओठांवर गाणी. पुरुष तुरळक. या महिनाभराच्या स्नानाचा सगळा भार बायकांनीच वाहिलेला आहे, हे पहिल्याच सकाळी लक्षात आलं.

हा भाग मराठी माणसाला परका वाटत नाही. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, रामघाट, पंचगंगा या पट्ट्यात महाराष्ट्रातून आलेली घराणी शतकानुशतकं राहत आली. ब्रह्माघाटावर नाना फडणवीसांचा वाडा आहे. पंचगंगेच्या माथ्यावरचं आजचं बिंदुमाधवाचं मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलं. मूळचं भव्य मंदिर औरंगजेबाच्या काळात पाडलं गेलं आणि त्या जागी उभी राहिलेली आलमगीर मशीद आजही नदीवरून सर्वांत आधी डोळ्यांत भरते. एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरची आपली टीका काशीतच पूर्ण केली. साल १५७३, तिथी कार्तिकी पौर्णिमा. याच घाटाच्या पायऱ्यांवर पंडितराज जगन्नाथांनी गंगालहरी रचली आणि एकेका श्लोकागणिक गंगा एकेक पायरी वर आली, अशी आख्यायिका आहे. आपल्याकडे ज्येष्ठात गंगादशहराला नदीकाठी गंगालहरी म्हणतात, त्या स्तोत्राची कथा या पायऱ्यांशी बांधलेली आहे.

मंगलागौरीचं मंदिर गल्लीतल्या घरांत मिसळून गेलेलं आहे. दूरवरून शिखर दिसेल या आशेने चालणारा माणूस पुढे निघून जातो. आत देवीबरोबर गभस्तीश्वराचं लिंग आहे आणि मयूखादित्य, म्हणजे काशीच्या बारा आदित्यांपैकी एक. काशीतल्या नऊ गौरींपैकी ही एक. चैत्रातल्या नवरात्रात अष्टमीला हिचं दर्शन घेतात. या जागेची कथा स्कंदपुराणाच्या काशीखंडात आहे. सूर्याने इथे शिवासाठी घोर तप मांडलं. त्याच्या तापाने जग होरपळू लागलं, आकाशात फक्त किरणं दिसू लागली. शेवटी शिव प्रकट झाला, त्याने सूर्याला हाताने स्पर्श करून शांत केलं. तपाच्या वेळी सूर्याच्या अंगातून जो घाम वाहिला त्याची किरणा नावाची नदी झाली. ती धूतपापा नावाच्या दुसऱ्या प्रवाहाला मिळाली, आणि गंगा, यमुना, सरस्वती यांच्यासह पाच जणींचं पंचगंगा तीर्थ झालं.

मला या कथेतली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. तापलेल्या सूर्याला शांत करणं आणि त्याच्या घामाचं पाणी होणं, हे दोन्ही याच काठावर घडतं. ज्यांनी ही कथा रचली त्यांना ऊन, पाणी आणि मोठ्या नदीला मिळणारे छोटे ओहोळ यांचं नातं ठाऊक होतं. आज पंचगंगेवर उभं राहिलं तर एकच नदी दिसते. बाकीच्या चार जणी श्रद्धेत वाहतात. पण काशी हे एके काळी खरोखरच तळ्यांचं आणि ओहोळांचं शहर होतं. पावसाळ्यात गंगा फुगली की पाणी मागे शिरून मत्स्योदरी आणि मंदाकिनी ही सरोवरं भरायची. १८२०च्या दशकात जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अधिकाऱ्याने शहराचा नकाशा काढला, घाण पाण्याच्या निचऱ्याची योजना राबवली, आणि त्यात ही सरोवरं उपसली गेली. रोगराई कमी व्हावी हा त्याचा हेतू होता. याच प्रिन्सेपने आलमगीर मशिदीचे कलू लागलेले मिनार सावरले होते. पण पावसाचं पाणी धरून ठेवणारी जागा गेली ती गेलीच. मैदागिनला बागेतलं आजचं लहानसं कुंड एवढीच मंदाकिनीची खूण उरली आहे. कालभैरवाकडे जाताना तिथे मुद्दाम थांबावं.

गल्ली संपते आणि एकदम घाट उघडतो. पंचगंगेचा उतार तीव्र आहे. पायऱ्या जपून उतराव्या लागतात. खालच्या अंगाला नदीकडे तोंड करून दगडी कोठड्या आहेत. पावसाळ्यात त्या पाण्याखाली जातात. पूर ओसरला की त्यांत आणि पायऱ्यांवर गुडघाभर गाळ साचलेला असतो. भिंतींवर पाण्याची रेघ अजून ओली असल्यासारखी दिसत होती. दुर्गाघाटाजवळच्या एका मराठी घरात मी चहाला थांबले होते. तिथल्या आजी मराठीत बोलता बोलता काशीची हिंदी सहज मिसळत होत्या. म्हणाल्या, “पाणी उतरलं की आधी सिढ्या धुवायच्या, मग कार्तिक. गाळात कुठे दिवा लावतात का, ताई?”

हा गाळ काढायचं काम आता मोठ्या पंपांनी होतं. पाण्याचा जोरदार झोत सोडून माती पुन्हा नदीत लोटतात. घाट लवकर स्वच्छ होतो, पण गाळाबरोबर अडकलेलं प्लास्टिक आणि कपडेही पात्रात जातात. फावड्याने गाळ उचलायचा, कचरा वेगळा काढायचा, ही संथ रीत महाग पडते आणि तिला माणसं लागतात. २०१५च्या सुमारास तेमसुतुला इमसोंग या नागालँडच्या तरुणीने काही सोबत्यांना घेऊन प्रभूघाट असा हातांनी साफ केला, तेव्हा तिचं नाव देशभर झालं. पण तिच्या आधीही आणि नंतरही, आपापल्या पायऱ्या धुणारी घरं या घाटांवर आहेत. त्यांचं नाव कुठे छापून येत नाही.

आता दिव्यांकडे येऊ, कारण कार्तिकातली पंचगंगा दिव्यांसाठीच पाहायची. अश्विन पौर्णिमेपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत इथे आकाशदीप लावतात. काठावर उंच बांबू रोवलेले असतात. संध्याकाळ झाली की वेताबांबूच्या छोट्या टोपल्यांत दिवा ठेवून, दोरी ओढून त्या बांबूच्या टोकाला चढवतात. गेलेल्या पितरांना वाट दिसावी म्हणून हा दिवा. एका कुटुंबाचा एक बांबू असतो, किंवा घाटावरच्या पुरोहिताला तेलाचे पैसे देऊन महिनाभर दिवा लावून घेतात. देशासाठी मेलेल्या जवानांसाठीही इथे दिवे चढतात. या सगळ्यात नदीत काहीच पडत नाही. टोपली वर जाते, रात्री जळते, सकाळी खाली येते, पुन्हा भरली जाते. नदीचा इतका देखणा आणि इतका निरुपद्रवी उत्सव मी दुसरा पाहिला नाही.

घाटावर दगडी दीपस्तंभ आहे, ‘हजारा’ म्हणतात त्याला. अहिल्याबाई होळकरांनी तो उभारला असं सांगतात. पाहताक्षणी आपल्या देवळांसमोरच्या दीपमाळेची आठवण होते. आपल्याकडे त्रिपुरी पौर्णिमेला दीपमाळ पेटते. इथे त्याच रात्री हजारा पेटतो. एरवी वर्षभर तो मुका खांब असतो.

त्या रात्रीची, देवदिवाळीची, आजची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. चौऱ्याऐंशी घाटांवर दिवे, सरकारी आकडा अलीकडे दहा लाखांच्या वर जातो, परदेशी पाहुणे, नावेतल्या जागेसाठी हजारो रुपये. पण तिची आजची परंपरा सुरू झाली ती इथून. त्रिपुरासुराच्या वधानंतर देवांनी काशीत दिवाळी केली ही कथा जुनी, पंचगंगेवर थोडे दिवे लागतही असत, मात्र घाट बहुतेक अंधारात राहत. १९८५च्या सुमारास मंगलागौरी मंदिराचे महंत नारायण गुरू यांनी मोहल्ल्यातली पोरं गोळा केली. घराघरांतून आणि दुकानांतून तेल मागितलं, पणत्या जमवल्या आणि पंचगंगेसह शेजारचे मोजके घाट उजळले. पुढच्या वर्षांत घाट वाढत गेले. प्रत्येक घाटाने आपली समिती केली. आज ज्याला पर्यटन म्हणतात, त्याच्या मुळाशी वाटीवाटीने मागून आणलेलं तेल आहे.

यातली रीत मला फार मोलाची वाटते. तेल देणाऱ्या घराला आपला दिवा कुठला हे माहीत असतं. ज्या पायरीवर तो ठेवायचा ती पायरी आधी त्यालाच धुवावी लागते. दुसऱ्या दिवशी पणती उचलायलाही तोच येतो. उत्सव आणि सफाई या दोन वेगळ्या कामांच्या याद्या होत नाहीत. उत्सव मोठा झाला, पणत्या ट्रकने येऊ लागल्या, कंत्राटं निघाली, की ही साखळी तुटते. पौर्णिमेनंतरच्या सकाळी घाटावर मी जे पाहिलं ते आठवणीतून जात नाही. तेलाने निसरड्या झालेल्या पायऱ्या, फुटलेल्या पणत्या, थर्माकोलच्या वाट्या, पाण्याच्या बाटल्या, आणि त्यांच्यामधून बाटल्या घेऊन उरलेलं तेल गोळा करणाऱ्या बायका-मुली. त्या तेलावर त्यांच्या घरची फोडणी होणार होती. त्या मुलींना कुणी हटकत नव्हतं, ही त्यातली बरी गोष्ट. त्यांच्यामुळे कितीतरी तेल नदीत जायचं वाचतं.

याचा अर्थ देवदिवाळी आवरती घ्यावी असा मी काढत नाही. पानांच्या द्रोणातले दिवे, गोमयाच्या पणत्या यांचा वापर आता सरकारी पातळीवरही होतो आहे. पण ही नदी पणत्यांनी मैली झालेली नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. काशीत गंगा उत्तरेकडे वाहते. अस्सी, हरिश्चंद्र, दशाश्वमेध, मणिकर्णिका ओलांडून पाणी पंचगंगेला येतं, म्हणजे अर्ध्याहून अधिक शहर धुऊन झाल्यावर. स्नानायोग्य पाण्यात जैविक ऑक्सिजन मागणी (म्हणजे घाण कुजवताना जिवाणू वापरतात तो ऑक्सिजन) लिटरला ३ मिलिग्रॅमहून जास्त नसावी आणि विष्ठेतल्या जिवाणूंची संख्या १०० मिलिलिटरला २,५०० च्या वर जाऊ नये, असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं मानक आहे. मैलापाण्याचा एखादा नाला प्रक्रियेविना सुटला की हे आकडे कितीतरी पटींनी ओलांडले जातात.

१४ जून १९८६ रोजी राजीव गांधींनी गंगा कृती योजनेची सुरुवात वाराणसीतूनच केली. त्याही आधी, १९८२ साली संकटमोचन मंदिराचे महंत वीरभद्र मिश्र यांनी संकटमोचन फाउंडेशन काढलं होतं. ते बनारस हिंदू विद्यापीठात जल-अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते आणि रोज पहाटे तुळसीघाटावर स्नान करणारे भक्तही होते. आपण माता म्हणतो त्या पाण्यात विष्ठा आहे हे त्यांनी प्रयोगशाळेत मोजून सांगितलं आणि स्नानही सोडलं नाही. मैला उचलणारे पंप विजेवर चालतात आणि वीज जाते, पुरात तर महिनोन्‌महिने बंद राहतात. म्हणून घाटांच्या कडेने उताराने मैला वाहून नेणारी वाहिनी आणि शहराबाहेर शैवालाच्या तळ्यांत त्याची सफाई, असा त्यांचा पर्याय होता. २०१३ साली ते गेले. त्यांची प्रयोगशाळा तुळसीघाटावर पाणी तपासत राहिली.

त्याच तुळसीघाटावर कार्तिकात नागनथैया होते. कदंबाची फांदी पाण्यात रोवतात, कृष्ण झालेला मुलगा तिच्यावरून गंगेत उडी घेतो आणि कालियाच्या फण्यावर उभा राहून वर येतो. तुळसीदासांनी सुरू केलेली ही लीला आहे अशी श्रद्धा आहे. विषारी डोहातून नदी सोडवण्याची ही गोष्ट प्रदूषणाविरुद्ध बोलण्यासाठी तिथल्या महंतांनी नेमकी वापरली आहे. व्याख्यान ऐकायला शंभर माणसं जमतात. इथे नावा भरभरून लोक येतात.

शासनाने अलीकडे बरंच बांधकाम केलं आहे. दिनापूरचं दिवसाला १४ कोटी लिटर क्षमतेचं केंद्र २०१८ साली सुरू झालं. गोइठा इथे १२ कोटी आणि रमना इथे ५ कोटी लिटरची केंद्रं आहेत. जुन्या शहराखालून गेलेला विटांचा ‘शाही नाला’ साफ करून दुरुस्त केला. २०२१पासून निषाद समाजातल्या नावाड्यांच्या डिझेल इंजिनांच्या जागी सीएनजी इंजिनं बसवायला सुरुवात झाली; त्यासाठी खिडकिया घाटापाशी पाण्यावर तरंगणारं भरणा केंद्रही आहे. मला पंचगंगेहून राजघाटाकडे नेणाऱ्या नावाड्याने हे इंजिन कौतुकाने दाखवलं. धूर नाही, कानठळ्या बसत नाहीत, पाण्यावर तेलाचा तवंग नाही. त्याच्या घरी वडिलांपासून एक नियम आहे, नावेत बसलेल्याने नदीत काही टाकलं तर नाव थांबवायची. मी पाहत असताना त्याने एका प्रवाशाला गुटख्याची पुडी खिशात परत ठेवायला लावली, आणि ती खिशात गेल्यावरच नाव पुढे काढली.

असले नियम नवे नाहीत. गंगेवर गेल्यावर कोणत्या चौदा गोष्टी करू नयेत, याची यादी धर्मग्रंथांत ब्रह्मांडपुराणाच्या नावावर दिलेली आहे. शौच, चुळा भरणं, अंगाचा मळ काढणं, पाण्यात खेळणं, कपडे टाकणं आणि निर्माल्य टाकणंही वर्ज्य. पूजेची फुलं प्लास्टिकच्या पिशवीसकट पुलावरून भिरकावणाऱ्यांनी ही यादी एकदा वाचावी. मंगळागौरीची सोळा पत्रीही दुसऱ्या दिवशी निर्माल्यच होते. झाडाच्या मुळाशी तिचं उत्तम खत होतं. कानपूरला २०१७पासून देवळातल्या फुलांच्या उदबत्त्या करणारा उद्योग उभा राहिला आहे, तोही याच वाटेवरचा.

वस्तीने मिळून उत्सव आणि नदी सांभाळण्याच्या खुणा आपल्याकडेही आहेत. वाईला कृष्णाबाईचा उत्सव एकेका घाटाची आळी आपापल्या पाळीने करते. १६५९ साली अफझलखान चालून आला तेव्हा बोललेल्या नवसाची ही परंपरा मानली जाते. कोल्हापूरची पंचगंगा तर नावानेही काशीची बहीण. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून झालेली. तिच्या काठी गणेशमूर्ती पात्रात न सोडता काहिलीत विसर्जित करून दान देण्याची आणि निर्माल्य वेगळं ठेवण्याची चळवळ कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं शिव्या खात चालवली, आणि ती रुजली. तिथेही कायद्याच्या आधी गल्लीतली तरुण मंडळं पुढे झाली.

काशीच्या पंचगंगेला लागूनच बालाजीघाट आहे. तिथल्या मंदिरात शहनाईवादक बिस्मिल्ला खाँ तासन्‌तास रियाज करत. अमेरिकेत येऊन राहा म्हणणाऱ्यांना त्यांनी, माझी गंगा तिथे आणाल का, असं विचारलं होतं. मंदिर आता नव्याने सावरलेलं आहे. नाव लागली की पाच मिनिटं तिथे बसावं.

जायचं असेल तर शरद पौर्णिमेनंतर कधीही जा, त्रिपुरीच्या रात्रीचा हट्ट धरू नका. त्या रात्री घाटांवर पाय ठेवायला जागा नसते आणि आकाशदीप रोषणाईत हरवून जातात. आदल्या आठवड्यातली कुठलीही संध्याकाळ चांगली. साडेपाचच्या सुमारास पंचगंगेवर पोचलं की टोपल्या भरताना दिसतात. घरच्या कुणाच्या नावाने दिवा लावायचा असेल तर घाटावर विचारा, तेलाचे पैसे द्या, दोरी स्वतः ओढू देतात. एकादशीपासून पौर्णिमेपर्यंत बायका मातीचा भीष्म करून पुजतात, तोही तिथेच. मंगलागौरीचं दर्शन सकाळी घ्या, मंगळवार असेल तर रांगेची तयारी ठेवा. हार प्लास्टिकच्या पिशवीतून नेऊ नका. आणि त्रिपुरीलाच जाणार असाल तर दुसऱ्या दिवशीची गाडी संध्याकाळची काढा. सकाळी सातला पायऱ्यांवर पणत्या गोळा करणारी मुलं असतात, त्यांच्याकडे जादा गोणपाट असतं, आणि पाहुण्याला ती नको म्हणत नाहीत.